छायाखेळ कोणाचा? पडद्यामागच्या मेळाबद्दलच्या चर्चेचा आढावा

२०२० साली आंध्र प्रदेशातल्या निम्मलकुंटा गावचे दलवाई चलपति राव, २०२१ साली सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे आणि केरळचे के. के. रामचंद्र पुलवर, २०२५ साली कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्याच्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर. मोजक्या वर्षांत चामडी बाहुल्यांच्या परंपरेतल्या या चौघांना पद्मश्री मिळाली. भीमव्वांनी तेव्हा वयाची नव्वदी ओलांडली होती. शेवटच्या घटका मोजणारी म्हणून जिचा उल्लेख वर्षानुवर्षे होत आला, त्या कलेकडे देशाचे लक्ष गेले ही मनापासून समाधानाची गोष्ट आहे. त्यासोबत अभ्यासकांत, रंगकर्मींत आणि खुद्द कलावंतांच्या घरांत चाललेली एक जुनी चर्चाही वर आली आहे. छायाखेळ नेमका कोणाचा? बाहुली कोरणाऱ्याचा, ती नाचवणाऱ्याचा, गाणाऱ्या बाईचा, मृदंग वाजवणाऱ्याचा, दिव्यात तेल घालणाऱ्याचा, की खेळ लावणाऱ्या गावाचा? सन्मान एका नावाला मिळतो आणि खेळ मात्र पाच-सात माणसांच्या मेळाशिवाय उभा राहत नाही. या अंतराचे काय करायचे, यावर आज निरनिराळी मते आहेत.

उगमाचा वाद आणि मराठीचा धागा

छायाखेळावरची आधीची चर्चा बरीचशी त्याच्या जन्मस्थानाची होती. जर्मन संस्कृतज्ञ रिखार्ड पिशेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बाहुलीनाट्याचे माहेर भारतच असे मांडले आणि १९०६ साली प्राचीन भारतीय छायानाट्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९१६ साली पतंजलीच्या महाभाष्यातल्या शौभिकांकडे बोट दाखवले. कंसवध ‘दाखवणारे’ हे लोक सावल्यांचा खेळ करत असावेत, असा त्यांचा तर्क होता. ए. बी. कीथ यांना हा पुरावा पुरेसा वाटला नाही. सुभटाचे ‘दूतांगद’ हे १२४३ साली अणहिलपाटणच्या दरबारात झालेले रूपक स्वतःला छायानाटक म्हणवते. पण तेवढ्यावरून त्याचा प्रयोग पडद्यावरच्या सावल्यांनी झाला असे ठरते का, हेही वादात राहिले. पुढे व्हिक्टर मेअर यांनी १९८८ सालच्या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगण्याच्या आशियाभरच्या रीतींचा माग काढला. पिंगुळीच्या एकाच ठाकर घरात चित्रकथीची पोथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या शेजारी नांदतात, हे ज्याने पाहिले असेल त्याला हा माग जवळचा वाटेल.

या साऱ्या वादात खेळ करणारी माणसे फारशी नव्हती. पोथी होती, शब्द होते, तारखा होत्या. माणसे आली ती नंतरच्या क्षेत्रीय अभ्यासांतून. आणि ती आली तेव्हा मराठी वाचकाने कान टवकारावेत अशी गोष्ट समोर आली. आंध्रात तोलु बोम्मलाट, कर्नाटकात तोगलु गोंबेयाट आणि तमिळनाडूत तोल बोम्मलाट्टम करणारी अनेक घराणी पडद्यावर तेलुगू, कन्नड किंवा तमिळ बोलतात, पण घरात मराठीची एक बोली बोलतात. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत किळ्ळिकेत किंवा कटबू या नावाने त्यांची नोंद आहे: चामड्याच्या चित्रांचा खेळ करणारे, मासेमारीही करणारे, घरची भाषा मराठी. हे लोक दक्षिणेत कधी उतरले, यावर एकमत नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यावर मराठ्यांच्या मागोमाग ते गेले, असे एक मत. त्याच्याही आधीपासून दख्खनच्या वाटांवर त्यांची ये-जा होती, असे दुसरे. तमिळनाडूपुरते पहिले मत सहज पटण्याजोगे आहे. आंध्र-कर्नाटकातल्या घराण्यांना मात्र तेवढे एकच कारण पुरत नाही.

मेळाच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. खेळ गावाच्या भाषेत चालतो आणि पडद्यामागच्या सूचना घरच्या बोलीत जातात. कथा पुढे ढकल, सीतेची बाहुली दे, ताल वाढव, हे प्रेक्षकाला कळू न देता आपसात बोलायला या मेळांना आयती भाषा मिळाली. मेळ म्हणजे घर, ही गोष्ट भाषेतही मुरलेली आहे.

कापडामागे काय घडते

छायाखेळाविषयी लिहिणारे बहुतेक जण पडद्यापुढे बसून लिहितात. मागची बाजू पाहिली की खेळाचा हिशेब बदलतो.

सुरुवात कातड्यापासून होते. बकऱ्याचे कातडे भिजवायचे, केस आणि चरबी खरवडून काढायची, ताणून वाळवायचे, प्रकाश आरपार जाईल इतके पातळ करायचे. मग त्यावर आकृती रेखून दागिन्यांची, वस्त्रांची नक्षी छिन्नीने आणि टोच्याने एकेक भोक पाडत कोरायची. रंग दोन्ही बाजूंनी भरायचे. हात-पाय वेगळे कापून दोऱ्याने सांधायचे आणि मधोमध बांबूची चिरलेली कामटी बांधायची. आंध्रातल्या बाहुल्या चार-पाच फुटांच्या, कधी माणसाएवढ्या असतात. ओडिशाच्या रावणछाया या छायाखेळातल्या बाहुल्या लहान, बिनसांध्याच्या आणि बिनरंगाच्या, म्हणून त्यांची सावली काळी पडते. एका पात्राला एकच बाहुली पुरत नाही. सभेत बसलेला हनुमान वेगळा, उड्डाण करणारा वेगळा. त्यामुळे रात्रीच्या खेळाआधी बाहुल्या प्रवेशांच्या क्रमाने लावून ठेवणे हे स्वतंत्र काम असते. ते चुकले तर गाणारा अशोकवनात आणि पडदा किष्किंधेत, अशी गत होते.

खेळ सुरू झाला की दिवा आणि कापड यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत दोघे-तिघे एकाच वेळी हलत असतात. बाहुली कापडाला चिकटून असली तर कड धारदार आणि रंग भरलेले दिसतात. वीतभर मागे घेतली की आकृती मोठी होते, कडा विरघळतात, रंग फिके पडतात. पात्राचा प्रवेश आणि निर्गम याच युक्तीने साधतात. हे करताना स्वतःच्या खांद्याची किंवा डोक्याची सावली पडू द्यायची नाही, आणि शेजाऱ्याच्या कामट्यांत आपल्या कामट्या अडकू द्यायच्या नाहीत. दोन राक्षस भिडतात तेव्हा दोन माणसांचे हात एकमेकांवरून जातात. आंध्रात बाहुली नाचवणाऱ्याच्या पायात चाळ असतात आणि पायाखाली लाकडी फळ्या. रथाचा खडखडाट आणि युद्धाचा दणका त्याच्या टाचांतून येतो. बाहुलीचा ताल आणि मृदंगाचा ताल त्याच्या शरीरात जुळतो. स्त्रीपात्रांचे बोलणे आणि गाणे बायका करतात, कित्येकदा बाहुल्याही त्याच नाचवतात. मधूनच किळ्ळेक्यात आणि बंगारक्का ही विनोदी जोडी येते आणि गावातल्या ताज्या घडामोडींवर बोलते. ते बोलणे कुठल्याही संहितेत नसते. समोरचा काय टाकेल हे ओळखून तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. दशावताराची रंगत ज्यांना ठाऊक आहे त्यांना या उत्स्फूर्त बोलण्यातले कसब वेगळे समजावून सांगायला नको.

जावामधल्या वायांग या छायाखेळाचे उदाहरण इथे मुद्दाम पाहण्याजोगे आहे. तिथे एकटा दलांग, म्हणजे सूत्रधार, साऱ्या बाहुल्या हलवतो, सारे आवाज काढतो, आणि गामेलानचा वाद्यवृंद त्याच्या खुणांवर चालतो. तिथे खेळाला धनी आहे. आपल्याकडच्या बहुतेक मेळांत कुटुंबप्रमुख असतो, पण रात्रभराच्या खेळात सूत्रे हातोहात फिरतात. त्यामुळे ‘एक कलावंत’ ही कल्पना जावात जितकी सहज बसते तितकी निम्मलकुंट्यात किंवा कोप्पळात बसत नाही.

देवळातला खेळ तसाच राहावा असे मानणारे

पहिली भूमिका अशी, की खेळ त्याच्या जागेपासून आणि विधीपासून तोडला तर मेळ मोडतो. केरळचे तोलपावकूत्तु हा या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला. पालक्काड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या भद्रकालीच्या देवळांपाशी कूत्तुमाडम नावाचे खेळाचे कायम घर असते. तिथे लांबलचक पडद्यामागे नारळाच्या कवट्यांत २१ दिवे लावतात आणि कंबनाचे तमिळ रामायण ७, १४, २१, ४१, काही ठिकाणी ७१ रात्री चालते. दारुकाशी लढण्यात गुंतल्याने भद्रकालीला राम-रावण युद्ध पाहता आले नाही, म्हणून ते तिला दाखवायचे, अशी श्रद्धा आहे. बऱ्याच रात्री समोर माणूस नसतो.

स्टुअर्ट ब्लॅकबर्न यांनी १९९६ सालच्या ‘इनसाइड द ड्रामा-हाउस’ या पुस्तकात या रिकाम्या मैदानाचाच अभ्यास केला. प्रेक्षक नसल्यामुळे खेळ आत वळला, असे त्यांचे निरीक्षण. कंबनाचा श्लोक म्हणायचा आणि मग त्याच्या अर्थावर दोन पुलवरांनी, म्हणजे खेळ करणाऱ्या जाणकारांनी, प्रश्नोत्तरे करायची. बाहुल्या पुष्कळदा काट्याने कापडाला टोचून स्थिर उभ्या असतात आणि वाद मात्र तासन्‌तास रंगतो. एकमेकांचे प्रेक्षक तेच. माझ्या मते मेळाविषयी आजवर लिहिले गेलेले हे सर्वांत मोलाचे निरीक्षण आहे. खेळ टिकायला टाळ्या लागतातच असे नाही, तोलामोलाचा जोडीदार मात्र लागतो, हे त्यातून दिसते.

पिंगुळीच्या जुन्या व्यवस्थेतही देवळाशी बांधलेल्या मेळाचाच वेगळा प्रकार होता. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ठाकर घराण्यांना ठरलेल्या गावांच्या देवळांत खेळ करण्याचा मान असे. त्या मानामुळे घरातल्या प्रत्येकाचे काम ठरे: वीणा कोणाकडे, टाळ कोणाकडे, हुडुक कोणी वाजवायचा. संस्थान गेले, मान पातळ झाला आणि कामांची वाटणीही सैल झाली. या भूमिकेची अडचणही याच ठिकाणी आहे. देवळाचा मान पूर्वीसारखा पोट भरत नाही, आणि २१ रात्री गाण्यासाठी नोकरीतून रजा मिळत नाही.

बाहेर पडलेला खेळ

दुसरी भूमिका सांगते की मंचावर आल्यामुळेच हे मेळ जगले. रामचंद्र पुलवर यांचे वडील कृष्णनकुट्टी पुलवर यांनी तोलपावकूत्तु देवळाच्या आवाराबाहेर नेले, त्यावर कुरबुरी झाल्या, आणि आज तीच परंपरा गांधींची, येशूची, आरोग्याची कथा सांगते. पिंगुळीत गंगावणे कुटुंबाने गुरांच्या गोठ्याचे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय केले. तिथे येणाऱ्या शाळकरी मुलांना आणि पर्यटकांना तासाभरात बाहुल्या, चित्रकथी आणि कळसूत्रीची ओळख होते. ओडिशात अनुगुळ जिल्ह्यातल्या ओडश गावची रावणछाया कथिनंद दास यांच्यासारख्या मोजक्या जाणकारांपर्यंत आटत आली होती. जीवन पाणी यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती जगापुढे आणली. मूळ एकांड्या गुरूंभोवती प्रशिक्षणातून नवा गट उभा करावा लागला. म्हणजे रक्ताच्या नात्याबाहेरही मेळ बांधता येतो, याचे हे उदाहरण.

बदलाच्या बाजूचा आणखी एक मुद्दा स्त्रियांचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आंध्र-कर्नाटकात बायका पहिल्यापासून मेळात आहेत. भीमव्वांचा सन्मान हा त्या साऱ्या न नोंदलेल्या आवाजांचाही आहे. केरळच्या कूत्तुमाडमात मात्र स्त्रियांना जागा नव्हती. कातडी कोरणे, रंगवणे ही घरातली कामे त्या करत. अलीकडे रामचंद्र पुलवर यांच्या कन्या रजिता यांनी स्त्रियांचा स्वतंत्र मेळ उभा केला आणि स्त्रियांच्या आयुष्यावर खेळ रचला. देवळाच्या चौकटीत हे घडणे अवघड होते. परंपरा जशीच्या तशी ठेवा म्हणणाऱ्यांनी या मुद्द्याला अजून पुरेसे उत्तर दिलेले नाही.

उलट बाजूने विचारले जाते, की तासाभराच्या खेळात उरते काय? ४५ मिनिटांत रामायण बसवायचे तर पहिली कात्री उत्स्फूर्त संवादांना लागते, दुसरी गाण्यांना. साथीदारांचा प्रवासखर्च आयोजकाला जड वाटतो, म्हणून मृदंग आणि गाणे ध्वनिमुद्रित होऊन येते. मग बाहुली नाचवणारा ध्वनिफितीच्या मागे धावतो. गाणारी बाई त्याचा हात पाहून ओळ लांबवू शकत नाही. विषय गांधींचा असो की रामाचा, हा फरक खेळात लगेच जाणवतो. आधुनिकतेपेक्षा माणसे कमी होण्याने जास्त नुकसान होते, या मताकडे माझा कल आहे. पण ज्यांना चार माणसांच्या मानधनात सहा माणसे न्यावी लागतात त्यांची अडचण खोटी म्हणता येत नाही.

दिव्याबद्दलही असेच आहे. एरंडेल किंवा खोबरेल तेलाची ज्योत हलते, म्हणून स्थिर धरलेली बाहुलीही श्वास घेतल्यासारखी वाटते. विजेचा दिवा उजेड भरपूर देतो, कड स्वच्छ करतो आणि तो थरथराट काढून घेतो. तेलाचा दिवा सांभाळायला एक माणूस लागतो, बल्बला लागत नाही. इथेही मेळातला एक जण कमी होतो.

दिव्याच्या शेडपासून यंत्रमानवापर्यंत

तिसरी वाट कारागिरीची. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या काळातल्या हस्तकला चळवळीने चामडी बाहुल्यांकडे बाजाराच्या नजरेने पाहिले आणि निम्मलकुंट्यात दिव्यांच्या शेड, भिंतीवरची चित्रे, पडदे तयार होऊ लागले. आंध्रच्या चामडी बाहुल्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. या कामाने गावातली चूल पेटती ठेवली, मुले छिन्नी धरायला शिकली, हे निर्विवाद आहे. मात्र शेड एकटा माणूस बनवू शकतो, तिला गाणे लागत नाही. कोरण्याचे कसब वाढले आणि गाणारे घटले, असे चित्र त्यामुळे दिसते.

चौथी वाट शहरी रंगभूमीची. दिल्लीच्या कटकथा संस्थेच्या अनुरूपा रॉय यांनी ‘महाभारत’ या प्रयोगात कर्नाटकातल्या सिल्लेक्यात (किळ्ळेक्यात) परंपरेच्या कथनाचा आणि बाहुल्यांचा आधार घेतला. शिकागोची २०१० साली सुरू झालेली मॅन्युअल सिनेमा ही मंडळी शाळेतले जुने ओव्हरहेड प्रोजेक्टर, कागदी कटआउट, नट आणि वादक यांच्या साह्याने प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत छायाचित्रपट घडवते. वर पडदा, खाली धावपळ करणारे हात, दोन्ही दिसतात. मेळ लपवायचा नाही, तोच दाखवायचा, ही या मंडळींची दृष्टी आहे. भारतीय मेळांनीही पडदा बाजूला सारून मागची बाजू दाखवावी का? काही कलावंत खेळानंतर प्रेक्षकांना मागे बोलावतात. काहींना ते नको वाटते, कारण त्यांच्या लेखी सावलीतली सीता ही सीताच असते, तिची कामटी दाखवायची नसते.

आणि पालक्काडच्या जिल्हा वारसा संग्रहालयासाठी तोलपावकूत्तुच्या बाहुल्या यंत्रमानवाच्या हातांनी हलवण्याचा प्रयोग झाला. त्यात पुलवर कुटुंबाचाच सहभाग होता, हे लक्षात घ्यायला हवे. पाहुण्याला कोणत्याही वेळी काही मिनिटे खेळ पाहायला मिळतो, हे त्याचे समर्थन. पण ब्लॅकबर्न यांनी ऐकलेली प्रश्नोत्तरे त्यातून वजा होतात.

न सुटलेले

कातड्याचा प्रश्न अजून तसाच आहे. तोलपावकूत्तु आणि रावणछाया यांत हरणाचे कातडे वापरण्याची रीत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती थांबली आणि बकऱ्याचे, म्हशीचे कातडे आले. देवांच्या बाहुल्यांसाठी कोणते कातडे चालावे, यावर घराण्याघराण्यांत मतभेद आहेत. जुन्या बाहुल्या जपाव्यात की पूर्वीच्या रीतीने विधिपूर्वक नदीला द्याव्यात, यावरही आहेत. बंगळुरूच्या चित्रकला परिषदेत एम. एस. नंजुंड राव यांनी मोठा संग्रह केला नसता तर कर्नाटकातल्या शेकडो बाहुल्या आज दिसल्या नसत्या. मात्र संग्रहालयात बाहुली काचेमागे एकटी उभी असते. कोणत्या ओळीला ती पडद्यावर यायची, कोणाच्या हातून कोणाच्या हाती जायची, हे तिच्याबरोबर नोंदले जाईलच असे नाही. चित्रीकरण करणारेही कॅमेरा बहुधा प्रेक्षकांत लावतात. दोन कॅमेरे, एक पुढे आणि एक मागे, आणि घरच्या बोलीतल्या सूचनांसकट ध्वनिमुद्रण, एवढे केले तरी पुढच्या शिकणाऱ्याच्या हाती बरेच काही लागेल.

सर्वांत अवघड गुंता श्रेयाचा आणि हक्काचा आहे. भौगोलिक मानांकन वस्तूला मिळते, प्रयोगाला मिळत नाही. प्रयोगासाठी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचा हक्क आहे. त्यातल्या कलावंताच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार आणि गारुडीसुद्धा नावाने आहेत. बाहुलीकाराचे नाव नाही, पण प्रयोग करणारी अन्य कोणतीही व्यक्ती त्यात धरली आहे, त्यामुळे तो बाहेर राहत नाही. तोच कायदा प्रयोगाची व्याख्या करताना एका किंवा अधिक कलावंतांनी प्रत्यक्ष केलेले दृश्य किंवा श्राव्य सादरीकरण असे म्हणतो. म्हणजे मेळाला कायद्यात जागा आहे. व्यवहारात मात्र करारावर सही कुटुंबप्रमुखाची असते आणि मानधनाचा धनादेश एका नावाने निघतो.

यावर दोन सूचना पुढे येतात. पुरस्कार आणि शिष्यवृत्ती मेळाला द्यावी, ही एक. आयोजकांनी प्रत्येक साथीदाराचे नाव आणि काम पत्रिकेत छापून मानधन वेगवेगळे द्यावे, ही दुसरी. पहिलीत अडचण अशी की मेळाची हजेरी दरवर्षी बदलते. लग्न होऊन गेलेली लेक, सुगीला शेतावर गेलेला भाऊ, शहरात नोकरीला लागलेला आणि नवरात्रापुरता परतणारा मृदंगवाला, यांना सभासद धरायचे की नाही, हे कोणत्याही अर्जाच्या रकान्यात आज बसत नाही. दुसरीला कुटुंबातूनच विरोध होतो, कारण एका चुलीवर जेवणाऱ्यांत मानधनाची फोड करणे अनेक घरांत वाईट दिसते. ज्या घरांत सुना आणि लेकी गातात, तिथे मात्र ही फोड व्हावी असे त्यांनाच वाटू लागले तर तिला नाही म्हणता येणार नाही.